कितानींचं घर
(प्रस्तावना)

होनिन्बो हा जपानी गो जगतातला सर्वांत जुना किताब. कितानी मिनोरू त्याच्या निर्णायक मालिकेपर्यंत तीनदा पोचले: 1947-48, 1953 आणि 1959 मध्ये. तिन्ही वेळा हरले. पुढे 1971 ते 1998 या काळात हा किताब 28 वेळा पणाला लागला आणि त्यांपैकी 26 वेळा तो कितानींच्या घरात लहानाचं मोठं झालेल्या कुणा ना कुणाकडे गेला. उरलेली 1983 आणि 1984 ही दोन वर्षं तेवढी तैवानी कुळातल्या रिन काईहोंनी मिळवली.

हे आकडे शेजारी ठेवले की एक सोपा निष्कर्ष हाताशी येतो: माणूस खेळाडू म्हणून बेताचा, शिक्षक म्हणून थोर. जपानबाहेर कितानींची ओळख बहुतेकदा अशीच करून दिली जाते. हे पुस्तक लिहिण्याचं पहिलं कारण म्हणजे हा निष्कर्ष चुकीचा आहे. 1930 च्या दशकात जपानमधल्या सर्वांत बलवान खेळाडूंची नावं घ्यायची तर दोनच घ्यावी लागतात आणि त्यांतलं एक कितानींचं. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. खेळाडू कितानी आणि गुरू कितानी यांची अशी वाटणी केली की दोघंही कळेनासे होतात. त्यांनी मुलांना जे दिलं ते त्यांच्या स्वतःच्या डावांतून, आणि विशेषतः त्या डावांतल्या एका मोठ्या माघारीतून आलेलं आहे. पुढच्या प्रकरणांचा सगळा रोख ते दाखवण्यावर आहे.

गो हा खेळ वाचकाला ठाऊक नाही असं धरून चाललो आहे, म्हणून त्याची किमान ओळख इथेच करून देतो. पटावर 19 उभ्या आणि 19 आडव्या रेघा असतात. सोंगटी घरात ठेवायची नसते, रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवायची. असे 361 बिंदू. एकाकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. राजा, वजीर, प्यादं असा भेद नाही, सगळ्या सोंगट्या सारख्या. एकदा ठेवलेली सोंगटी हलत नाही. चारी बाजूंनी कोंडली गेली तर मात्र उचलली जाते. कोंडलेल्या समूहाच्या पोटात दोन वेगळ्या मोकळ्या जागा, म्हणजे दोन ‘डोळे’, शाबूत असतील तर तो समूह अमर. डाव संपल्यावर ज्याने अधिक मुलूख वेढला तो जिंकला. नियम एवढेच. बुद्धिबळाचा पट भरलेला सुरू होतो आणि रिकामा होत जातो. गोचा पट रिकामा सुरू होतो, त्यामुळे पहिली सोंगटी कुठे ठेवायची हाच मोठा प्रश्न असतो. कडेपासून तिसऱ्या रेघेवर ठेवली तर मुलूख लवकर हाती लागतो, पण तो लहान. चौथ्या रेघेवर किंवा आणखी आत ठेवली तर हाती लगेच काही लागत नाही, मात्र मध्यावर वचक बसतो. रोख की वचक, या एका प्रश्नावर कितानींचं आयुष्य दोनदा फिरलं, तेवढं लक्षात ठेवावं.

आणखी एक तपशील. पहिली चाल काळ्याची, आणि पहिली चाल हा मोठा फायदा आहे. आज जपानमध्ये त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला साडेसहा गुण मिळतात. त्याला कोमी म्हणतात. कितानींच्या तरुणपणी बहुतेक महत्त्वाच्या सामन्यांत कोमी नव्हती. ज्येष्ठाने पांढऱ्या सोंगट्या घ्यायच्या आणि कनिष्ठाने काळ्या, अशी रीत होती. कोण कितीदा काळ्या घेणार हे ‘दान’ या श्रेणीवरून ठरे. पहिल्या दानापासून नवव्यापर्यंतची ही उतरंड म्हणजे नुसता मानमरातब नव्हता, पटावरचं प्रत्यक्ष माप होतं. एक पायरी खाली ढकललं जाण्याचा अपमान तेव्हाच्या खेळाडूंना इतका का जाळत असे, हे त्यावरून कळेल.

ज्या जगात कितानी आले ते नुकतंच मोडून पुन्हा बांधलं जात होतं. तोकुगावा शोगुनांच्या काळात होनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी या चार घराण्यांना सरकारी तनखा होता आणि त्यांचे प्रमुख एदोच्या किल्ल्यात शोगुनासमोर खेळत. मेइजी क्रांतीनंतर तनखे गेले आणि खेळाडू उघड्यावर पडले. विसाव्या शतकात त्यांना आश्रय मिळाला तो वृत्तपत्रांचा. डाव रोज थोडा थोडा छापायचा, त्यावर टिपण द्यायचं आणि खप वाढवायचा, असा तो व्यवहार. 1923 च्या कांतो भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त केलं. त्यानंतर आपसांत भांडणारे गट एकत्र आले आणि 1924 मध्ये उद्योगपती ओकुरा किशिचिरो यांच्या पैशाच्या बळावर निहोन की-इन ही संस्था उभी राहिली. घराण्यांच्या जगातला शेवटचा मोठा माणूस म्हणजे एकविसावे होनिन्बो शूसाई. त्यांनी आपल्या घराण्याचं नाव या संस्थेच्या स्वाधीन केलं आणि तीन शतकं गुरूकडून वारसाकडे जाणारा होनिन्बो हा शब्द स्पर्धा जिंकून मिळवायचा किताब झाला.

कितानी 1909 मध्ये कोबे इथे जन्मले. आधी कान्साईतले कुबोमात्सु आणि मग तोक्योत सुझुकी तामेजिरो हे त्यांचे गुरू. निहोन की-इन स्थापन झाली त्याच वर्षी, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते व्यावसायिक खेळाडू झाले. इतक्या झपाट्याने वर आले की लोककथेतल्या अचाट ताकदीच्या मुलावरून त्यांना ‘काइदोमारू’ हे टोपणनाव पडलं. 1928 च्या शरद ऋतूत चीनमधून चौदा वर्षांचा एक सडपातळ मुलगा जपानला आला. त्याचं नाव गो सेईगेन. खेळाच्या नावाशी घोळ होऊ नये म्हणून या पुस्तकात त्याला सेईगेन असंच म्हटलं आहे. पुढच्याच वर्षी दोघं समोरासमोर आले तेव्हा सेईगेनने काळ्याची पहिली सोंगटी पटाच्या नेमक्या मध्यबिंदूवर ठेवली आणि मग कितानी जिथे खेळतील त्याच्या बरोबर समोरच्या बिंदूवर खेळायला सुरुवात केली. आरशात पाहत खेळावं तसा हा डाव पुष्कळ चाली चालला. कितानी वैतागले, पण शेवटी जिंकलेही. एखाद्याचं वैर तिथेच सुरू झालं असतं. इथे मैत्री झाली, आणि जपानी गोच्या गेल्या शतकातली सर्वांत फलदायी मैत्री हीच असं म्हणायला हरकत नाही.

1933 च्या उन्हाळ्यात कितानींनी सेईगेनला नागानो प्रांतातल्या जिगोकुदानी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी नेलं. कितानींच्या पत्नी मिहारू यांच्या माहेरची तिथे सराई होती. बर्फ पडत असताना गरम कुंडात बसलेल्या माकडांची छायाचित्रं आज जगभर फिरतात ती याच दरीतली. तिथे या दोघांनी पटाचा आरंभ नव्याने विचारात घेतला. तोवरची शिकवण अशी: आधी कोपरा बंद करा, मग कडेने तिसऱ्या रेघेवर पसरा, मध्याचा विचार शेवटी. या शिकवणीमागे तीनशे वर्षांचे डाव होते. कितानी आणि सेईगेन म्हणाले, कोपऱ्यावर दोन चाली घालवण्यापेक्षा चौथ्या रेघेवरच्या ताराबिंदूवर एक सोंगटी ठेवून मोकळं व्हावं, वेग राखावा, आणि पट हा चार कोपऱ्यांचा हिशेब न मानता एकसंध प्रदेश मानावा. यालाच शिन-फुसेकी, म्हणजे नवी मांडणी म्हणतात. 1934 मध्ये यासुनागा हाजिमे यांनी दोघांच्या कल्पना पुस्तकरूपाने मांडल्या तेव्हा गोवरच्या पुस्तकाच्या मानाने अभूतपूर्व खप झाला. हौशी खेळाडू एका रात्रीत मध्यावर सोंगट्या ठेवू लागले.

1933 च्याच शरद ऋतूत सेईगेनने प्रत्यक्ष शूसाईंसमोर पहिली चाल कोपऱ्यातल्या तीन-तीन बिंदूवर, दुसरी ताराबिंदूवर आणि तिसरी थेट मध्यावर खेळून खळबळ उडवली. घराण्याच्या परंपरेत कोपऱ्याचा तीन-तीन बिंदू निषिद्ध मानला जाई. डाव चार महिने रेंगाळला, कारण जुन्या रिवाजानुसार ज्येष्ठ खेळाडूला हवं तेव्हा खेळ थांबवण्याचा अधिकार होता, आणि शूसाईंनी तो आपली पाळी असताना पुन्हा पुन्हा वापरला. थांबलेल्या दिवसांत गुरू आणि शिष्य मिळून पुढच्या चालीचा विचार करतात, अशी कुजबुज झाली. शूसाई दोन गुणांनी जिंकले, पण कुजबुज राहिली. पाच वर्षांनी कितानींनी ज्या अटी घातल्या त्यांचं मूळ इथे आहे.

तो 1938 चा सामना, शूसाईंचा निरोपाचा डाव, या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला प्रसंग. त्यासाठी एक संपूर्ण प्रकरण दिलं आहे. शूसाई 64 वर्षांचे आणि हृदयविकाराने ग्रस्त. कितानी 29 वर्षांचे, सातव्या दानाचे, पात्रता फेरी जिंकून आलेले. डाव 26 जूनला तोक्योत सुरू झाला, हाकोनेच्या सराईत पुढे सरकला, शूसाई रुग्णालयात दाखल झाल्याने तीन महिने थांबला, इतो इथे पुन्हा सुरू झाला आणि 4 डिसेंबरला 237 चालींनंतर संपला. प्रत्येकाला 40 तास होते. शूसाईंनी 19 तास 57 मिनिटं वापरली, कितानींनी 34 तास 19 मिनिटं. काळ्या सोंगट्यांनी खेळणारे कितानी पाच गुणांनी जिंकले.

हा डाव वृत्तपत्रासाठी टिपायला बसले होते कादंबरीकार कावाबाता यासुनारी, पुढे 1968 चे नोबेल विजेते. त्यांनी 1950 च्या दशकात या डावावर जी कादंबरी पूर्ण केली तीत शूसाईंचं नाव खरं आहे आणि कितानींचं नाव बदलून ओताके केलं आहे. (कितानींच्या खऱ्या शिष्यांपैकी एकाचं आडनावही ओताके आहे, दोघांचा परस्परांशी संबंध नाही.) कादंबरी अप्रतिम आहे आणि कितानींवर अन्याय करणारीही आहे. तिच्यात शूसाई म्हणजे मावळती कला. तिच्यासमोर नियम, तास आणि अटी मोजणारा नवा काळ. कितानींनी आग्रह धरला की दिवस संपताना शेवटची चाल पाकिटात बंद करून ठेवावी, म्हणजे रात्रभर फुकटचा विचार कुणालाच मिळू नये. एके दिवशी कितानींनीच बंद केलेली 121वी चाल मुख्य लढाईपासून दूर, उत्तर द्यावंच लागेल अशी निघाली, आणि शूसाई संतापले: वेळ काढायला खेळलेली चाल, चित्रावर सांडलेली शाई! वाचकाचं मन साहजिकच म्हाताऱ्याकडे झुकतं.

पण 1933 आठवून हाच प्रसंग पाहा. ज्येष्ठाला हवं तेव्हा थांबण्याची मुभा आणि कनिष्ठाने ती मुकाट सोसायची, ही व्यवस्था सुंदर असेलही, न्याय्य नव्हती. पाकिटाची अट दोघांना सारखी बांधते. आणि 34 तास खर्चणाऱ्या माणसाला हिशेबी म्हणणं तर त्याचा स्वभाव उलटा वाचण्यासारखं आहे. कितानी वेळ वाचवणारे नव्हतेच कधी. त्यांच्या दीर्घ विचारामुळे प्रतिस्पर्धी, निरीक्षक, संपादक सगळेच कातावत. त्यांना पटावर प्रत्येक वेळी सगळंच पहिल्यापासून तपासावंसं वाटे. पुढे वेळेची मर्यादा आखडत गेली तसतसा हा गुण त्यांचा शत्रू झाला. कावाबातांच्या कादंबरीतला ओताके आणि या पुस्तकातले कितानी यांच्यात वाचकाला अंतर जाणवेल. ते जाणूनबुजून ठेवलं आहे.

शूसाईंना हरवल्यावर उरला होता सेईगेन. 1939 च्या सप्टेंबरात कामाकुरातल्या केन्चोजी या झेन मठात दोघांच्या दहा डावांच्या मालिकेला सुरुवात झाली. अशा मालिकेत चार डावांची आघाडी मिळाली की हरणाऱ्याला एक पायरी खाली ढकललं जाई. पहिल्याच डावात विचारांच्या ताणाने कितानींच्या नाकातून रक्त वाहू लागलं. ते आडवे झाले, आणि पटावर डोळे रोवलेला सेईगेन विचारच करत राहिला. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली. दोघांना ओळखणाऱ्यांनी मात्र त्यात क्रौर्य पाहिलं नाही. पटासमोर दोघंही सारखेच बहिरे होत. सहाव्या डावाअखेर सेईगेन 5-1 ने पुढे गेला आणि कितानी बरोबरीच्या पायरीवरून खाली उतरले. दोघांची मैत्री त्यानंतरही टिकली, हेही इथेच नोंदवतो.

याच काळात कितानींच्या खेळात तो बदल झाला, ज्याला मी वर माघार म्हटलं. नव्या मांडणीचा जनक नव्या मांडणीतून बाहेर पडला. चौथी रेघ सोडून तिसरीवर आला, मध्याचा वचक प्रतिस्पर्ध्याला देऊ लागला, आणि स्वतः कोपरे आणि कडा गोळा करून मग समोरच्याच्या विस्तीर्ण प्रदेशात उडी घेऊन तिथे जगून दाखवू लागला. ज्याने एका पिढीला वर पाहायला शिकवलं, तो स्वतः जमिनीला बिलगला. चाहत्यांना हे विश्वासघातासारखं वाटलं असणार. पण डाव ओळीने मांडले की दिसतं की हा भीतीने घेतलेला निर्णय नव्हता. नवी मांडणी सेईगेनने एक हत्यार म्हणून आत्मसात केली आणि हवं तेव्हा वापरली, नको तेव्हा ठेवून दिली. कितानींना तसं जमेना. त्यांना प्रत्येक पद्धत शेवटच्या टोकापर्यंत खरी आहे का ते पाहायचं होतं, आणि ती तिथे मोडते असं दिसलं की उलट्या टोकापासून सुरुवात करायची होती. हा स्वभाव किताब मिळवण्याच्या दृष्टीने सोयीचा नाही. किताब मिळवणारा माणूस पुरेसं चांगलं ते पकडतो आणि खेळतो.

तीन अपयशी मालिकांचा वृत्तांत म्हणूनच मी आटोपता ठेवला आहे. युद्धोत्तर पडझडीतल्या पहिल्या मालिकेत इवामोतो काओरूंनी त्यांना 3-2 ने हरवलं. 1953 आणि 1959 मध्ये ताकागावा काकूंनी दोन्ही वेळा 4-2 ने हरवलं. हे ताकागावा 1952 ते 1960 अशी सलग नऊ वर्षं होनिन्बो होते. संयमी, मोजका, सहजासहजी न चिडणारा खेळाडू, कितानींच्या नेमका उलट. या दोन मालिकांच्या मधल्या काळात कितानींना मेंदूतल्या रक्तस्रावाचा झटका येऊन गेला होता. त्यातून उठून पन्नाशीत पुन्हा आव्हानवीर होणं ही कामगिरी हरलेल्या गुणफलकात कुठे दिसत नाही.

आता घराकडे येतो. 1937 मध्ये कितानी कुटुंब तोक्योच्या नैर्ऋत्येला समुद्राकाठच्या हिरात्सुका गावी राहायला गेलं. तिथे जपानभरातून, पुढे कोरियातूनही, मुलं येऊ लागली आणि घरचीच होऊन राहिली. शाळा, झाडलोट, जेवण आणि पट. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं आणि सगळ्यांनी एकमेकांशी खेळायचं. युद्ध आणि त्यानंतरची अन्नटंचाई या काळात इतक्या पोटांची जबाबदारी मिहारूंनी उचलली. गोच्या इतिहासात त्यांच्या नावे एकही डाव नाही, पण त्यांच्यावाचून पुढचा इतिहास घडला नसता. म्हणून या पुस्तकातलं घरावरचं प्रकरण त्यांच्यापासून सुरू होतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला घर तोक्योत योत्सुयाला हललं.

आलेल्या मुलांची नावं पाहा. क्यूशूहून नऊ वर्षांचे ओताके हिदेओ 1951 मध्ये आले. आइचीचे इशिदा योशिओ 1957 मध्ये, फुकुओकाचे कातो मासाओ 1959 मध्ये. ताकेमिया मासाकी आणि होक्काइदोचे कोबायाशी कोइची 1965 मध्ये. आणि 1 ऑगस्ट 1962 रोजी कोरियाहून काकांचं बोट धरून सहा वर्षांचे चो चिकुन. दुसऱ्याच दिवशी कितानींच्या शिष्यांच्या दानांची बेरीज शंभर झाल्याचा समारंभ होता. तिथे या मुलाला पाच सोंगट्यांची सवलत देऊन सहाव्या दानाच्या रिन काईहोंसमोर बसवलं गेलं, आणि मुलगा जिंकला. अकराव्या वर्षी तो व्यावसायिक झाला. 1983 मध्ये, होनिन्बो रिन यांच्याकडे जाण्याआधी, किसेई, मेइजिन आणि होनिन्बो हे तिन्ही मोठे किताब एकाच वेळी धारण करणारा पहिला खेळाडू.

आपल्याकडे गुरूगृही राहून विद्या घेणं नवं नाही. गाण्यातलं घराणं म्हटलं की आवाजाचा लगाव, तानेची घडण, लयीशी असलेलं नातं यांतून आपण गुरूचा ठसा शोधतो आणि तो पहिल्या काही आवर्तनांतच कानावर यावा अशी अपेक्षा करतो. कितानींच्या घराला हे माप लावलं तर ते घराणं ठरणारच नाही. इशिदा हिशेबी, शेवटच्या टप्प्यातल्या अचूक मोजणीमुळे त्यांना ‘कॉम्प्युटर’ म्हणत, आणि 1971 मध्ये बाविसाव्या वर्षी ते होनिन्बो झाले. कातो समोरच्याचे समूहच्या समूह मारण्यासाठी प्रसिद्ध. ओताकेंना आकाराच्या सौंदर्याचा इतका सोस की कुरूप चालीने जिंकण्यापेक्षा हरणं पत्करतील अशी त्यांची ख्याती. कोबायाशी साधे, रोखठोक, मुलूख मोजून घेणारे. त्यांनी किसेई हा किताब सलग आठ वर्षं राखला. ताकेमिया मध्याचे; त्यांच्या अवाढव्य मांडणीला ‘विश्वशैली’ असं नाव पडलं आणि 1988 व 1989 मध्ये त्यांनी पहिल्या दोन फुजित्सु जागतिक स्पर्धा जिंकल्या. चो याच्या थेट उलट: आधी कोपरे खिशात घालायचे, मग समोरच्याच्या प्रदेशात घुसून जीव वाचवायचा.

शिष्य असे पांगलेले का? एक उत्तर असं देता येईल की गुरूचा यात हात नव्हताच. गुणी मुलं एका छपराखाली आली आणि आपसांत खेळून घडली. हे उत्तर मी सहज झटकत नाही. कितानी मुलांशी फारसे खेळत नसत आणि व्याख्यानं देत बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता. पण छप्पर कुणी घातलं, दार कुणासाठी उघडं ठेवलं आणि आत कशाला महत्त्व दिलं, हे ठरवणं म्हणजेच शिकवणं. शिवाय, ज्या माणसाने स्वतःची गाजलेली पद्धत सर्वांच्या डोळ्यांदेखत मोडून उलटी धरली, तो मुलांना ‘असंच खेळा’ असं कोणत्या तोंडाने सांगणार? त्याच्याकडे सांगण्यासारखं एकच होतं: जे खेळाल ते शेवटपर्यंत तपासा. ताकेमियांच्या मध्यात 1933 चे कितानी आहेत, चोंच्या घुसखोरीत उत्तरायुष्यातले. दोघांना गुरूचा वेगवेगळा काळ मिळाला असं नाही. गुरूने दोन्ही शक्यता घरात जिवंत ठेवल्या होत्या असं मला वाटतं.

या घराची एक शाखा समुद्रापलीकडे गेली. कोरियाचे चो नाम-चुल, म्हणजे चो चिकुनना घेऊन आलेले तेच काका, युद्धापूर्वी कितानींचे शिष्य होते. मायदेशी परतून 1945 मध्ये त्यांनी सोलला आधुनिक कोरियन गोची पहिली संस्था उभारली. त्यांच्यानंतर कोरियन गोमधलं वर्चस्व ज्यांच्याकडे गेलं ते किम इन यांनीही कितानींच्या घरी काही काळ शिक्षण घेतलं. 1990 च्या दशकापासून कोरियाने जपानला मागे टाकलं, त्या इतिहासाचा पाया घालणाऱ्यांत हिरात्सुकाचाही वाटा आहे. कुटुंबातही खेळ वाहता राहिला. कितानींची मुलगी रेइको व्यावसायिक खेळाडू. त्यांनी कोबायाशी कोइचींशी लग्न केलं. त्यांची मुलगी इझुमी व्यावसायिक, आणि इझुमींचे पती चो उ हे जपानच्या अव्वल विजेत्यांपैकी एक. हिरात्सुका शहर आजही कितानींच्या स्मरणार्थ गोचा उत्सव भरवतं आणि त्यात हजार पटांवर व्यावसायिक खेळाडू सामान्य लोकांशी खेळतात.

19 डिसेंबर 1975 रोजी कितानी वारले. त्या दिवशी होनिन्बो इशिदांकडे होता आणि मेइजिन ओताकेंकडे. ओताकेंनी तो नुकताच इशिदांकडूनच जिंकून घेतला होता. दोन सर्वोच्च किताबांची भांडणं एका घरातल्या घरात मिटत होती.

पुस्तक कसं वाचावं याविषयी दोन शब्द. जपानी नावांत आडनाव आधी लिहिलं आहे, तिथल्या रीतीप्रमाणे. प्रत्येक प्रकरणाअखेर एक डाव आकृत्यांसह दिला आहे. खेळ येत नसलेल्या वाचकाने सुरुवातीच्या पन्नास-साठ चाली नुसत्या डोळ्यांखालून घातल्या तरी तिसरी रेघ आणि चौथी रेघ यांतला झगडा त्याला दिसेल. मग बाकीचे तपशील हळूहळू उलगडतील. पट आणि सोंगट्या नसतील तर चौकटीची वही आणि दोन रंगांची पेनं पुरतात.

खेळ येणाऱ्या वाचकाला मात्र मी वेगळा क्रम सुचवतो. 1938 च्या डावापासून सुरुवात करू नये. त्याभोवती कादंबरीचं इतकं धुकं आहे की चाली नीट दिसत नाहीत. आधी जिगोकुदानीनंतरचे एक-दोन डाव पाहावेत, मग युद्धोत्तर काळातला, तिसऱ्या रेघेवर वाकलेला कितानी. त्यानंतर थेट 1981 च्या होनिन्बो मालिकेवर यावं: ताकेमिया विरुद्ध चो, एकाच घरातले दोघं. ताकेमिया मध्य बांधतात, चो त्यात उडी घेतात आणि अखेर किताब घेऊन जातात. 1989 मध्ये पुन्हा तेच दोघं, आणि तेव्हापासून चो सलग दहा वर्षं होनिन्बो. रोख की वचक, हा कितानींनी स्वतःशी मांडलेला वाद त्यांच्या पश्चात त्यांच्याच दोन मुलांनी, जपानच्या सर्वांत जुन्या किताबासाठी, सगळ्या देशासमोर पुढे चालवला. तीन मालिका हरलेल्या माणसाच्या कारकिर्दीचं मोजमाप करायचं तर ते या दोन मालिकांसह करावं लागेल.